पेटीवाल्याचा दिवस आणि वाचनाला मिळणारा वेळ

काळी_एक (धागाकर्ता):

मी विक्रोळीच्या कन्नमवारनगरात राहतो आणि संवादिनीची, म्हणजे पेटीची (हार्मोनियमची), साथ हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय आहे. शास्त्रीय गायनाच्या मैफली, अभंगवाणी, नाट्यपदांचे कार्यक्रम, अंधेरीकडच्या स्टुडिओंतले ध्वनिमुद्रण आणि मधल्या वेळात शिकवण्या, असे सगळे मिळून महिना भागतो. जोडीला वाचनाचे व्यसन आहे आणि ते पेटीच्याही आधीपासूनचे आहे. नोकरी करणारे नातेवाईक म्हणतात, "तुझे बरे आहे, दिवसभर मोकळाच असतोस, वाचायला भरपूर वेळ मिळत असेल." व्यवसायातले मित्र मात्र विचारतात की एवढ्या धावपळीत तू वाचतोस तरी कधी. दोघेही एकाच दिवसाबद्दल बोलत असतात, म्हणून तो दिवस एकदा नीट मांडावा असे वाटले.

साथीदाराला वेळापत्रक नसते. उद्या सकाळी सहाला पार्ल्यात असेन की दुपारी दोनला घरी जेवत असेन, हे बऱ्याचदा आदल्या संध्याकाळी कळते. त्यामुळे "रोज सात ते नऊ रियाज, नऊ ते दहा वाचन" अशी पाटी भिंतीवर लावण्यात अर्थ नाही. मी घड्याळाऐवजी क्रम पाळतो. दिवस कधीही सुरू होवो, दुसऱ्या कोणाचे संगीत कानावर पडण्याआधी स्वतःचा रियाज झाला पाहिजे, एवढा एकच नियम मी कसोशीने पाळत आलो आहे. भ्रमणध्वनी उघडला की संध्याकाळच्या कार्यक्रमातल्या गाण्याचे मुद्रण कोणीतरी पाठवलेले असतेच, आणि ते एकदा ऐकले की हात त्याच्याच मागे जातात, मग तो रियाज राहत नाही, तयारी होते. तयारी आवश्यक आहे, परंतु तिच्यावर जगणाऱ्या वादकाचा हात काही वर्षांत ओळखीच्या जागांपुरताच चालतो, असे मी आजूबाजूला पाहिले आहे.

रियाजाचा मोठा भाग पट्टी, म्हणजे गाण्याचा आधारस्वर षड्ज (सा), बदलण्यात जातो, आणि याचे कारण लोकलशी निगडित आहे. पुरुष गायक साधारण काळी एक ते पांढरी दोनच्या आसपास गातात, म्हणजे पेटीच्या त्या काळ्या-पांढऱ्या पट्टीला षड्ज मानतात, स्त्रिया काळी चार-पाचला. स्केल चेंजर पेटी असेल तर पट्ट्यांची पाटी सरकवून षड्ज हवा तिथे नेता येतो आणि बोटांना तीच ओळखीची वाट मिळते, परंतु ती पेटी चांगलीच जड असते. ती घेऊन विक्रोळी स्थानकाचा जिना चढणे मी सोडून दिले आणि साधी पेटी घेतली, म्हणजे वजनाची सगळी वसुली बोटांकडून सुरू झाली. आता एकच पलटा (स्वरांची ठरावीक उलटसुलट रचना) बारा स्वरांना षड्ज मानून वाजवावा लागतो. आमच्या इमारतीच्या भिंती पातळ आहेत आणि शेजारचे गृहस्थ रात्रपाळी करून सकाळी झोपतात, म्हणून भाता अर्धाच उघडून, जवळजवळ कुजबुजत्या आवाजात हे चालते. त्याचा एक फायदा झाला: हलक्या हवेत सूर न तुटता धरण्याची सवय लागली, जी विलंबित ख्यालाच्या, म्हणजे संथ लयीतल्या गायनाच्या, साथीला फार उपयोगी पडते.

त्यानंतर प्रवास. पेटी घेऊन मी मालडब्यातच चढतो, कारण साध्या डब्यात पेटीसकट उभे राहणे म्हणजे भांडणाला आमंत्रण. मालडब्यात भाजीचे हारे, मासळीच्या टोपल्या, जेवणाचे डबे यांच्यामध्ये पेटी भिंतीला टेकवून, तिला गुडघ्याचा आधार देऊन उभे राहिले की एक हात मोकळा राहतो, आणि त्या हातात मावेल असेच पुस्तक मी पिशवीत ठेवतो. घाटकोपरला उतरून मेट्रो धरली की पेटी तपासणी यंत्रातून जाते. पडद्यावर पितळी सुरांची, म्हणजे आवाज काढणाऱ्या जिभांची, रांगच्या रांग दिसते आणि नवा सुरक्षारक्षक असेल तर तो झाकण उघडायला लावतो. एकदोघांनी "वाजवून दाखवा" असेही म्हटले आहे, आणि मी दाखवले आहे.

आता मुख्य मुद्दा. साथीदाराच्या कामाच्या दिवसातला सर्वांत मोठा हिस्सा वाजवण्याचा नसतो, थांबण्याचा असतो. पूर्वी चित्रपटगीतांसाठी सगळा वाद्यवृंद एका दालनात बसून एकत्र वाजवत असे. आता प्रत्येक वाद्य वेगळे, कानावर ठेक्याची टिकटिक लावून मुद्रित होते. अकराला बोलावतात, आधीच्या वादकाचे काम लांबते, संगीतकाराला चाल मध्येच बदलावीशी वाटते, आणि आपली पाळी तीनला येते. प्रत्यक्ष वाजवणे वीस मिनिटांत उरकते. सभागृहातही तसेच आहे. ध्वनिपरीक्षणाला चारला हजर राहायचे आणि पडदा साडेसहाला. या थांबण्याबद्दल आमच्या व्यवसायात खूप कुरकूर चालते, मीही करत असे. पण तो वेळ कोणीतरी आधीच मानधनात मोजलेला आहे आणि आपल्याकडून त्यात काहीच अपेक्षित नाही, हे लक्षात घेतले तर नोकरदार माणसाला स्वप्नातही न मिळणारी ही चैन आहे.

मात्र या वेळेत वाटेल ते वाचता येत नाही, आणि हे समजायला मला बराच काळ लागला. "पेटी घ्या" अशी हाक कोणत्याही क्षणी येते, म्हणून पिशवीतले पुस्तक कुठल्याही ओळीवर सोडता आले पाहिजे. लेखसंग्रह, पत्रे, छोट्या प्रकरणांची चरित्रे, कथा हे तिथे चालते. मोठी कादंबरी किंवा संगीतशास्त्रावरचे गंभीर लेखन चालत नाही. संगीतशास्त्रकार पंडित भातखंड्यांचा मराठीतला चार भागांचा ग्रंथ गुरुशिष्यसंवादाच्या रूपात आहे, त्यामुळे वरवर सोपा वाटतो. पण शिष्याचा एक प्रश्न आणि गुरूचे लांबलचक उत्तर यांच्यामध्ये हाक आली तर परत येऊन सगळा धागा पुन्हा पकडावा लागतो. तसली पुस्तके घरी, टेबलावर, पेन्सिल हातात घेऊन वाचायची.

ही घरची वेळ रात्रीची, आणि ती मला एका सरकारी नियमाने दिली आहे असे मी मानतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षात फार तर पंधरा दिवस ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते, आणि ते दिवस बहुतेक उत्सवांतच खर्ची पडतात. रात्रभर चालणाऱ्या मैफली ऐकलेली पिढी या नियमाबद्दल हळहळते, आणि ते रास्तच आहे, कारण मालकंस आणि दरबारी हे रात्री उशिराचे राग आता नऊ-साडेनऊला घाईघाईने उरकावे लागतात. परंतु साडेअकराला घरी पोहोचून, पाय धुऊन, दीड तास शांतपणे वाचणारा साथीदार हाही त्याच नियमाची निर्मिती आहे.

आपल्यापैकी जे कलावंत आहेत, किंवा अशाच अनियमित व्यवसायात आहेत, त्यांचा क्रम काय असतो हे जाणून घ्यायला आवडेल. विशेषतः एक प्रश्न आहे: कार्यक्रमाच्या लगेच आधी तुम्ही वाचता का? मी पडदा उघडेपर्यंत वाचतो, आणि त्यावरून मला बोलणीही खावी लागली आहेत.

विलंबित_पार्लेकर:

काळी_एक, क्रमाची कल्पना पटली, पण तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझे उत्तर ठाम नकार आहे. मी गाते. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारनंतर मी गद्य वाचत नाही. गद्याच्या वाक्याला स्वतःची एक चाल असते, आणि चांगल्या लेखकाची ती चाल फार काळ डोक्यात राहते. बडा ख्याल सुरू करताना मला शब्द अगदी सुटे आणि रिकामे हवे असतात. दोन ओळींच्या बंदिशीतला एखादाच शब्द पुढची चाळीस मिनिटे निरनिराळ्या अंगांनी मांडायचा असतो. डोक्यात दुसऱ्याची लांब वाक्ये घोळत असतील तर तो शब्द अर्थाने भरून जातो आणि स्वराला जागा उरत नाही. वादकाला ही अडचण येत नसावी. माझ्यासोबतचे एक पेटीवादक विंगेत रहस्यकथा वाचत बसतात, आणि रंगमंचावर येऊन माझ्या तानेची शेपटी अशी अचूक उचलतात की मी त्यांना काही बोलू शकत नाही.

क्रमाबद्दल मात्र माझी वेगळी तक्रार आहे. स्वतःचा रियाज आधी, दुसऱ्याचे संगीत नंतर हा नियम मला पाळता येत नाही, कारण माझ्या बऱ्याच विद्यार्थिनी अमेरिकेत आहेत. आपल्या सकाळच्या साडेसहाला न्यूयॉर्कला उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे नऊ आणि हिवाळ्यात आठ वाजलेले असतात, म्हणजे त्यांची जेवणे उरकून गाण्याला बसण्याची वेळ. माझी खर्जाची, म्हणजे खालच्या स्वरांच्या रियाजाची, वेळ नेमकी तीच. शिवाय इंटरनेटवरून आवाज पोहोचायला लागणारा थोडासा उशीर दोघींना एकत्र गाऊ देत नाही. मी गायचे, तिने ऐकायचे. मग मी गप्प बसायचे आणि तिने आपल्याकडचा तानपुरा लावून गायचे. त्यामुळे शिकवताना स्वतःचा गळा आपोआप तापतो हा जुना लाभही गेला. आता मी पाचला उठते. वाचन दुपारी, जेवणानंतर, पडल्या पडल्या, आणि त्यातले निम्मे झोपेत जाते हे मान्य करते.

ठेका_आणि_धागा:

दादा, तुम्ही पडदा उघडेपर्यंत वाचू शकता याचे श्रेय तुमच्या एकाग्रतेपेक्षा तुमच्या वाद्याला जास्त आहे, असे एका तबलजीने नम्रपणे सांगावेसे वाटते. पेटीचे सूर पितळेचे, ते एकदा जुळवले की जुळवले. माझे वाद्य कातड्याचे. पावसाळ्यात बाहेरच्या दमट हवेत चामडे सैल पडून सूर उतरलेला असतो. तो हातोडीने गठ्ठे (तबल्याच्या वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) ठोकून वर आणावा, तर सभागृहातल्या वातानुकूलनाच्या कोरड्या हवेत अर्ध्या तासात चामडे आवळते आणि सूर चढतो. मग गठ्ठे उलट ठोकायचे. दिव्यांची उष्णता सुरू झाली की तिसऱ्यांदा. पडदा उघडेपर्यंत माझा एक कान सतत तानपुऱ्यावर असतो. त्यातून हाताला पावडर लागलेली असते. मी एकदा उसन्या आणलेल्या पुस्तकावर ती उमटवली आणि मालकाने ते पुस्तक परत न घेता मला भेट दिले, त्याच्या चेहऱ्यावरून ती भेट नव्हती.

पुस्तके ऐकण्याचा पर्यायही मला सुचवला जातो. पण दिवसभर कान हेच हत्यार वापरणाऱ्या माणसाने विश्रांतीसाठी पुन्हा कानच का वापरावेत? मी डोळ्यांनी वाचतो ते अक्षरशः कानांना सुट्टी देण्यासाठी. घरात पंखा सोडून काहीही चालू नसताना वाचतो. बायको म्हणते की घरात तबलजी आहे हे त्या तासात कोणाला पटणार नाही.

तिसरी_घंटा:

मी बरीच वर्षे नाटकांच्या प्रयोगांना ऑर्गन आणि आता की-बोर्ड वाजवतो. थांबण्याच्या वेळेबद्दल जे लिहिले आहे ते शंभर टक्के खरे आहे. आमच्याकडे तर ते अधिकच आहे, कारण पहिल्या अंकातल्या पदानंतर पुढचे पद दुसऱ्या अंकाच्या शेवटी असू शकते, आणि मधला सगळा वेळ संवादांचे इशारे ऐकत अंधारात बसावे लागते. तिथे वाचण्याची सोय नाही. दौऱ्याच्या बसमध्ये वाचले तर मला मळमळते. म्हणून मी वाचतो ते प्रयोग नसलेल्या दिवशी, सलग, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आणि मग आठ-आठ दिवस काहीच नाही.

मला हरकत घ्यायची आहे ती या धाग्यातल्या एका न बोललेल्या गृहीतकावर. वाचणारा वादक हा न वाचणाऱ्यापेक्षा काहीतरी अधिक असतो, असा सूर मला यात ऐकू येतो. आपल्या संगीतातले कितीतरी थोर उस्ताद अक्षरशत्रू म्हणावे इतपतच शिकलेले होते आणि भातखंडे त्यांच्याचकडे वही घेऊन जात होते, ते भातखंड्यांकडे येत नव्हते. वाचनाची आवड जरूर असावी, पण तिचे आणि हाताचे नाते लावू नये.

काळी_एक:

तिसरी_घंटा, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवले आहे. मूळ लेखात मी हा विषय टाळला होता, आता टाळता येणार नाही.

वाचनाने हात तयार होतो असे मी म्हणणार नाही. हात फक्त वाजवून तयार होतो. पण साथ म्हणजे निम्मे वाजवणे आणि निम्मे न वाजवणे आहे. कुठे वाजवू नये हे ठरवायला मला वाचनाचा उपयोग झाला आहे. दोन उदाहरणे देतो.

पहिले अभंगाचे. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार चरण असतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक जुळते. "सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनिया" हे बोटांवर मोजून पाहावे. "विटेवरी"ला जोडून "कटावरी" येते, म्हणून बहुतेक गायक तिथे थांबत नाहीत, एका दमात पुढे जातात. शेवटचा चरण मात्र चारच अक्षरांचा. आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात त्याच्यापुढे जागा मोकळी पडते, आणि पेटीने जे काही भरायचे ते तिथे. छंदाची ही रचना माहीत असली की न ऐकलेला, ऐनवेळी पुढे आलेला अभंगसुद्धा पहिल्या कडव्यातच उलगडतो. तरुण वादक "विटेवरी"नंतर जागा दिसली म्हणून सुरावट घालतात आणि गायकाच्या दमावर पाय देतात.

दुसरे आमच्या पेटीचेच. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१पर्यंत टिकली. पेटीवाल्यांच्या घरात ही हकीकत अन्यायाची गोष्ट म्हणून सांगितली जाते, मीही तशीच ऐकत आलो. पुढे त्या वादातली विरुद्ध बाजू नीट वाचली. पेटीचे स्वर ठोकळेबाज आहेत, तिच्यात मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे) निघत नाही, श्रुतींचे सूक्ष्म भेद तिला दाखवता येत नाहीत, हे आक्षेप बंदीचे समर्थन करायला अपुरे असले तरी वाद्याचे वर्णन म्हणून बिनचूक आहेत. ते वाचल्यापासून गायक मारवा रागाचा ऋषभ (रे) किंवा दरबारीचा आंदोलित, म्हणजे झुलता, गंधार (ग) घेतो तेव्हा मी हात उचलतो. पूर्वी मी तो स्वर दाबून धरत असे, आता आधीचा स्वर सोडून गप्प राहतो. ऐकणाऱ्याला हे समजतही नाही, गायकाला मात्र समजते.

गोविंदराव टेंब्यांचे नाव इथे घेतल्याशिवाय राहवत नाही. मुळात पेटीवादक असलेल्या या माणसाने १९११ साली 'मानापमान'च्या चाली दिल्या, पुढे चित्रपटात भूमिका केल्या आणि संगीतावर उत्तम मराठी गद्य लिहिले. ते वाचनाने पेटीवादक झाले नाहीत हे तुमचे म्हणणे मान्य. पण बाजूला बसून दुसऱ्याचे गाणे बारकाईने ऐकणारा माणूस कसे लिहू शकतो, हे त्यांच्या गद्यात दिसते.

तिसरी_घंटा:

अभंगाचे उदाहरण चांगले आहे, पण ते माझ्या बाजूचे आहे. जी जागा तुम्ही अक्षरे मोजून शोधलीत, ती वारीतल्या मृदंग वाजवणाऱ्या माणसाला न मोजता ठाऊक असते. त्याने लहानपणापासून दिंडीत उभे राहून ऐकलेले असते.

मारव्याच्या ऋषभाबद्दल मी काही बोलत नाही. ते पटले.

काळी_एक:

वारीतल्या मृदंगवादकाने लहानपणापासून ऐकले आहे, मी विक्रोळीत वाढलो. ज्यांना तो वारसा मिळाला नाही त्यांनी मोजून घ्यावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

विलंबित_पार्लेकर:

मारव्याच्या ऋषभाला हात उचलणारा पेटीवादक विंगेत काय वाचतो याची मी यापुढे चौकशी करणार नाही. मात्र एक सुचवते. तसा हात उचलणार असाल तर ध्वनिपरीक्षणाच्या वेळी गायकाला सांगून ठेवा. नवीन गायिकेला पेटीचा आधार अचानक नाहीसा झाल्यासारखा वाटतो आणि ती गंधार सोडून तानपुऱ्याकडे बघू लागते.

ग्रंथपेटी:

मी एका शासनमान्य ग्रंथालयात देवघेव विभागात काम करते. कलावंत सभासदांबद्दल टेबलाच्या या बाजूने थोडे लिहावे असे वाटले.

गायक-वादक हे पुस्तक वेळेवर परत करण्याच्या बाबतीत कुप्रसिद्ध आहेत, आणि वरील दिनचर्या वाचल्यावर त्याचे कारण समजले. देवघेवीची वेळ आणि त्यांची ध्वनिपरीक्षणाची वेळ एकच असते. अशा सभासदांनी सकाळचे सत्र निवडावे किंवा घरातल्या कोणाला कार्ड द्यावे. आम्ही कार्ड पाहतो, चेहरा नव्हे. दुसरे, संगीतावरची जुनी मराठी पुस्तके देवघेवीत शोधू नका. त्यांतली पुष्कळशी बाजारात मिळत नाहीत, म्हणून ती संदर्भ विभागात जातात आणि तिथेच बसून वाचावी लागतात. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. ही संस्था १८९८ची, आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय त्याहून जुने, १८९३चे. दादरच्या शिवाजी मंदिरात किंवा ठाण्याच्या गडकरी रंगायतनात प्रयोग असणाऱ्यांनी तिसऱ्या घंटेआधीच्या वेळेचा तिथे उपयोग करावा.

तिसरे दिवाळी अंकांचे. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून वाचकांचा हा सण आहे, पण दिवाळी पहाटेचे कार्यक्रम वाढल्यापासून संगीतकार सभासद त्या आठवड्यात फिरकतच नाहीत. मग सगळे चांगले अंक फिरतीवर गेले की डिसेंबरमध्ये येऊन विचारतात. आमच्याकडे अंकांची योजना शिमग्यापर्यंत चालते. वर्गणी मात्र दिवाळीआधी भरावी लागते, कृपया नोंद घ्यावी.

ठेका_आणि_धागा:

ताई, शिमग्यापर्यंत योजना चालते हे सोन्यासारखे वाक्य आहे. दिवाळीच्या आठवड्यात आम्ही पहाटे तीनला उठून साडेपाचला वाद्ये जुळवतो. दुपारी आडवे होतो, तेव्हा अंक उशाशी असला तरी त्याचा उपयोग उशीला उंची देण्यापुरताच होतो.

नवा_साथीदार:

मी बदलापूरला राहतो, पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पेटीची साथ पूर्णवेळ करावी असा विचार आहे. आमचे गुरुजी म्हणतात की पहिली काही वर्षे पुस्तके बाजूला ठेव, एवढा वेळ मिळाला तर पेटीच घे. घरचे म्हणतात की अनियमित उत्पन्नात पुस्तकांचा खर्च हा पहिला कापावा. काळी_एक काका, सुरुवातीच्या काळात आपण काय केले? आणि पावसाळ्यात पेटी व पुस्तके दोन्ही एका लहान खोलीत कशी सांभाळावीत?

काळी_एक:

गुरुजी सांगतात त्यात तथ्य आहे आणि मी त्यांच्या विरुद्ध सल्ला देणार नाही. फक्त त्यांना विचार की लोकलमध्ये पेटी घेता येते का. बदलापूर ते दादर हा प्रवास एका बाजूने तासाच्या पुढे जातो. तेवढ्या वेळात पेटी वाजत नाही, पुस्तक वाचता येते. गुरुजींनी घरातल्या वेळेबद्दल सांगितले असावे, आणि घरातली वेळ पेटीलाच दे.

खर्चाचे म्हणशील तर पहिल्या काळात मी नवे पुस्तक क्वचितच घेतले. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या पदपथावर आणि फोर्टात फाउंटनजवळ जुनी पुस्तके मिळतात, तिथे मराठी कमी असते पण शोधले तर सापडते. उरलेले सगळे ग्रंथालयातून. व्यवसायातले मानधन कधी कार्यक्रम संपल्यावर पाकिटात येते, कधी दोन महिने येत नाही. ग्रंथालयाची वर्गणी मी वर्षाची एकदम, हंगाम चांगला असताना, दिवाळीनंतर भरून टाकत असे. मग भाद्रपदाआधीच्या कोरड्या महिन्यांत वाचायला पैसे लागत नाहीत.

पावसाळ्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण त्यात चुकीचे सल्ले पुष्कळ फिरतात. पेटी लाकडाची, दमट हवेत पट्ट्या फुगतात आणि एकमेकींना घासू लागतात. दाबलेली पट्टी वर येत नाही, सूर चालूच राहतो. अशा वेळी पट्टी कानसने घासून घेण्याचा मोह होतो, तो टाळावा, कारण दिवाळीत हवा कोरडी झाली की तीच पट्टी सैल होऊन खडखडते. आधी पेटी कोरडी होऊ द्यावी. मी लाकडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात कमी शक्तीचा, तापणारा जुन्या पद्धतीचा दिवा, लाकडापासून व कागदापासून पुरेसा दूर बसवून घेतला आहे. घरी असेन तेव्हा तो काही तास चालू ठेवतो आणि बाहेर पडताना आठवणीने बंद करतो. एलईडी दिव्याचा उपयोग नाही, तो पुरेसा तापत नाही. मधल्या कप्प्यात पेटी आणि वर पुस्तके. ऊब वर जाते, त्यामुळे पुस्तकांना बुरशी धरत नाही आणि कसरही कमी लागते. पुस्तके खच्चून भरू नयेत, दोहोंच्या मधून हवा गेली पाहिजे. एखादा सूर अचानक मुका झाला तर बहुधा त्याच्या पितळी जिभेखाली धूळ बसलेली असते. पातळ, कोरा, कडक कागद जिभेखालून अलगद सरकवला की ती निघते. जीभ बोटाने उचलू नये, ती वाकली की सूर चढतो किंवा उतरतो आणि मग कारागिराकडे जावेच लागते. हा कागद नेहमी हाताशी असावा म्हणून मी पुस्तकात खूण म्हणून तोच ठेवतो.

विलंबित_पार्लेकर:

म्हणजे त्या दिवशी पार्ल्याला मध्यंतरात तुम्ही पुस्तकातली खूण काढून पेटीत घातलीत, ते हेच होते तर. तेव्हा मी आणि तानपुऱ्यावर बसलेल्या मुली, आम्ही सगळ्या त्याकडे पाहत होतो.

नवा_साथीदार:

काका, मनापासून आभार. कपाटाचे आजच बघतो. ग्रंथपेटी ताई, बदलापूरहून येणाऱ्याला दादरच्या संदर्भ विभागात सभासद न होता बसता येते का?

ग्रंथपेटी:

प्रत्येक ग्रंथालयाचे नियम निराळे असतात, म्हणून जाण्याआधी दूरध्वनी करून वेळ आणि शुल्क दोन्ही विचारून घे. महाविद्यालयाचे ओळखपत्र सोबत ठेव आणि हव्या त्या पुस्तकांची नावे लेखकासकट लिहून ने, म्हणजे शोधायला वेळ लागणार नाही. पेटी मात्र आत नेता येणार नाही, ती दाराशी ठेवावी लागेल, आणि तिच्यावर लक्ष ठेवायला कोणी असतेच असे नाही. तेव्हा कार्यक्रम नसेल त्या दिवशी ये.